उजव्या हातमोज्याचा अंगठा

७ ऑगस्ट

महोदय,

मंगळवार, ५ ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, लष्कराच्या खरेदी समितीच्या खोलीत, अकरा माणसांसमोर तू आपल्या वडिलांची थट्टा केलीस. वेळ नक्की आहे. तू बोलायला उभा राहिलास तेव्हा अकरा पंधरा झाले होते, प्रत्येक कारखानदाराला पाच मिनिटं दिली होती, आणि तुझी पाच कधी संपतात म्हणून मी, समितीची तज्ज्ञ, घड्याळावरच डोळा ठेवून बसले होते.

‘महोदय’ लिहून पुढे ‘तू’ लिहायचं नसतं हे मला कळतं. कॉन्व्हेंटमधल्या मदरने आमच्या पत्रलेखनावर दहा वर्षं घालवली होती. पण ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकच्या टोकाने पुसलं आहे त्याला ‘आपण’ म्हणायला माझा हात वळत नाही. ‘महोदय’ वर राहू दे, खोडाखोड मला आवडत नाही.

तुझे शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे मागाहून ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ ही सोय उरणार नाही. “साहेब, बर्फात उभ्या असलेल्या जवानाला तुम्ही जो हातमोजा देता, त्याचा अंगठा आमच्या बाबांचा आहे. मोडलेला. आणि तो मोजणारी फूटपट्टी आमच्या ताईची.”

लोक हसले. मोठ्या कंपनीचा तो गुळगुळीत प्रतिनिधी इतका हसला की त्याच्या कपातला चहा बशीत आला. मग वित्त विभागाचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, अरेच्चा, म्हणजे हे तुमचे बंधू? चौतीस वर्षं मी लष्करी कपड्यांच्या तपासणी कार्यालयात काढली. पाठीमागे मला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे हेही मला माहीत होतं. पण ते तोंडावर म्हणण्याची हिंमत त्या चौतीस वर्षांत एकानेही केली नाही. ती करायला माझा सख्खा भाऊ लागला.

तुझा डाव मला कळत नाही असं समजू नकोस. साठ हजार जोड हातमोज्यांचं टेंडर निघतं आहे. माल जुन्या स्पेसिफिकेशनप्रमाणे घ्यायचा की बदलायचा, हे समिती ठरवणार आहे. तुझ्याकडे नवा नमुना तयार आहे, जुनं मोडीत निघालं तर ऑर्डर तुझी. ते स्पेसिफिकेशन एकतीस वर्षांपूर्वी मी लिहिलं. त्यासाठी नमुन्याचा जोड बाबांनी आपल्या कारखान्यात स्वतः कापला होता, आणि त्यावर लाखेचं सील लागलं तो दिवस आपल्या घरात परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा होता. सात वर्षांपूर्वी तुझा चार हजार जोडांचा लॉट मी नापास केला. त्याचा राग माझ्यावर काढायचा होतास. बाबांच्या मोडक्या अंगठ्यावर कशाला?

आठ दिवसांत लेखी माफी हवी. त्याच अकरा जणांना तिच्या प्रती पाठवाव्यात.

माजी मुख्य तपासणी अधिकारी


१४ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागे, पेन्सिलने, एक ओळ. “ताई, थट्टा नव्हती. कार्यालयात जा आणि उजवा हातात घालून बघ.” खाली सही नाही, वर तारीख नाही. तुझ्या कारखान्यात बत्तीस शिलाई मशिनं आहेत, एक कोरा कागद नाही?

हातात घालून बघ म्हणे. सीलबंद नमुना हातात घालायचा नसतो, त्याने तो सैल पडतो, आणि नमुना सैल पडला की साठ हजार जोड सैल पडतात. तुला हे माहीत आहे. पहिला नियमही तुला माहीत आहे, की नमुन्याचा जोड फोडायचा असतो. उजवा हातमोजा कार्यालयाच्या कपाटात, डावा कारखानदाराकडे, दोन्हींना सारखी लाख, सारख्या सह्या, म्हणजे कोणालाच आपला भाग गुपचूप बदलता येऊ नये. जोड पुन्हा एकत्र येतो तो नमुना रद्द करायच्या दिवशीच. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवू शकते, आणि तू मला सांगतोस हातात घालून बघ.

मी जाणार नव्हते. पण काल एक गोष्ट घडली, ती नोंद म्हणून लिहिते.

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक माजी सैनिक बसतो, त्याला सगळे हवालदार म्हणतात. दोन हिवाळे तो अगदी वरच्या चौकीवर होता. काल वीज गेलेली, लिफ्ट बंद, मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्याजवळ टेकले आणि सहज विचारलं की आमचे हातमोजे कसे होते. ‘आमचे’ म्हणाले मी, इतका अभिमान होता. तो म्हणाला, ऊब चांगली होती बाई, तक्रार नाही. मग म्हणाला, डावा घालायचो, उजवा खिशात.

का, म्हणून विचारलं. त्याने हात वर करून दाखवला. अंगठा बाजूला ताणलेला, एखाद्या गाडीला थांबवतात तसा. म्हणाला, तो आत वळतच नाही. वायरलेसचं बटण दाबायचं, पट्ट्याची कडी लावायची, स्ट्रेचर उचलायचं, काही करायचं तर उजवा काढायला लागतो. काहीजण ब्लेडने अंगठा कापून टाकायचे आणि वर मोजा गुंडाळायचे.

चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर फाटकाची किल्ली डाव्या हाताने फिरवतो आहे. मला वाटायचं डावखुरा असेल. काल पाहिलं, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, त्यांना काही जाणवत नाही.

मी त्याला झापलं. इतकी वर्षं दर हिवाळ्यानंतर आम्ही अभिप्रायाचे फॉर्म पाठवत होतो, त्यात कोणी एका शब्दाने का लिहिलं नाही? तो शांतपणे म्हणाला, “फॉर्मला चार रकाने होते बाई. शिवण, रंग, माप, नग. हात चालतो का, असा रकानाच नव्हता.”

तो फॉर्म मी आखला होता. मोजपट्टीने.

माफीची मुदत उद्या संपते. ती मी वाढवते आहे, मागे घेत नाही.

ताई


२१ ऑगस्ट

धाकट्या,

मी कार्यालयात गेले. कपाट तेच आहे, किल्लीही तीच, फक्त ती आता माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईच्या कमरेला असते. ती मला बघून उभी राहिली ती बसेचना. मी नमुना मागितला, तिने ट्रेमध्ये आणून दिला आणि सवयीने चिमटा पुढे केला. मी चिमटा बाजूला ठेवला आणि हातमोजा उजव्या हातात घातला. तिच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू मी देव्हाऱ्यातून काहीतरी उचलून खिशात टाकलं आहे. इतक्या वर्षांत मी मोडलेला पहिला नियम. घरी येऊन वहीत लिहून ठेवला.

सैल झाला बहुतेक. होऊ दे.

पेन धरता आलं नाही. रजिस्टरचं पान उलटता आलं नाही. अंगठा बाहेर, बोटांपासून फटकून उभा, आणि मला तो ओळखू आला. शाळेत सोडायला येताना रस्ता ओलांडायचा झाला की बाबा माझा हात धरायचे. त्यांची चार बोटं माझ्या मनगटाभोवती यायची, अंगठा मात्र बाहेरच. मी सातवीत असताना कापायच्या प्रेसमध्ये तो सापडला, त्यानंतरचं हे. मी तो हातमोजा जरा जास्तच वेळ हातात ठेवला. बाई कपाटाचं कुलूप पुसत राहिली. शहाणी आहे.

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. कटरने पहिला जोड स्वतःच्या हातावर घालून बघायचा ही आपल्याकडची रीत. बाबांनी तीच पाळली, आणि हातमोजा त्यांच्या हाताला बरोबर बसला. मी पट्टी हातमोज्याला लावली, हाताला लावली नाही. कोन मोजला, मिलिमीटर मोजले, आणि खाली लिहिलं, ‘डावा हातमोजा उजव्याचं प्रतिबिंब समजावा.’ जोड फोडून डावा तेव्हाच कारखान्यात गेला होता. त्या एका ओळीने लाखो धडधाकट डाव्या अंगठ्यांनाही बाबांच्या अंगठ्यासारखं मोडकं करून ठेवलं.

हे मी तुला सांगायला लिहीत नाही. तुला ते माहीत होतं. मी लिहिते आहे ते विचारायला: तुला कधीपासून माहीत होतं, आणि मला का सांगितलं नाहीस? मी समितीत तज्ज्ञ म्हणून बसले होते. तिथे बसण्याआधी एका कोपऱ्यात घेऊन सांगता आलं नसतं?

ताई


२३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पार्सल आलं. आत सात वर्षांपूर्वीच्या त्या नापास लॉटमधला एक हातमोजा आणि एक पाकीट. पाकिटावर तुझं अक्षर, माझ्या कार्यालयाचा पत्ता, आणि आडवा लाल शिक्का: ‘तपासणी चालू असताना पुरवठादाराशी पत्रव्यवहार करता येत नाही. न उघडता परत.’ शिक्क्याखाली माझी सही. सही इतकी सुंदर आहे की मदरने फळ्यावर लावली असती.

आज सकाळी ते पाकीट उघडलं.

तू सगळं सांगितलं होतंस. बाबांचं काम सुटलं, तू कारखाना हातात घेतलास, कपाट आवरताना डावा नमुना सापडला आणि त्याचा अंगठा सरळ, माणसासारखा होता. कागदावरचा वेगळाच. तू बाबांना विचारलंस. ते आधी हसले आणि मग म्हणाले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्यांच्या लक्षात आलं होतं. बोलले असते तर स्पेसिफिकेशन पुन्हा उघडलं असतं, टेंडर पुन्हा निघालं असतं, आणि ऑर्डर मोठ्या कारखान्याकडे गेली असती. म्हणून कागद म्हणेल तसं कापत राहिले. हे वाक्य मी तीनदा वाचलं: “बाबा म्हणाले, ताईला सांगू नको, ती स्वतःला माफ करणार नाही. पण मी सांगतो आहे, कारण नव्या लॉटमध्ये मी अंगठा सरळ केला आहे आणि तुझी पट्टी तो नापास करणार.”

केला. अकरा मिलिमीटरचा फरक, म्हणून चार हजार जोड परत. हे पाकीट तेव्हा माझ्या टेबलावर होतं, शिक्का वाळत होता.

आता मी एक गोष्ट लिहिते, ती पुन्हा विचारू नकोस. दुसऱ्यांच्या लॉटमधून मी वीस नग काढून तपासायची. तुझ्या लॉटमधून चाळीस. कार्यालयात कोणी म्हणू नये की बहिणीने भावाचं सोडून दिलं. मला वाटायचं, यालाच सचोटी म्हणतात. खरं तर पहिल्याच दिवशी साहेबांना लिहून द्यायला हवं होतं की हा माझा भाऊ आहे, याचा माल दुसऱ्या कोणीतरी तपासावा. ते लिहिलं असतं तर खुर्ची थोडी हलली असती. नाही लिहिलं. आणि बाबा गेले त्या दिवशी आपण दोघं एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून उभे होतो.

माफीची मागणी मी मागे घेते. त्या अकरा जणांना काय लिहायचं ते माझं मी बघेन.

तुझी
ताई


२५ ऑगस्ट

अरे लबाडा,

परवाच्या पत्रातला एक शब्दही मी बदलत नाही, पण त्यानंतर मी तुझ्या हातमोज्याची शिवण उसवली. तू म्हणशील, कशाला उसवलीस. मी म्हणते, मला वस्तू पाठवताना तू कोणाला पाठवतो आहेस याचा विचार करायचा होतास.

अंगठा सुरेख आहे. मी तो घालून सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेला. पण अस्तर? कागदावर शुद्ध लोकर लिहिली आहे. मी एक धागा ओढून काडीपेटीच्या ज्वाळेवर धरला. लोकर जळते तसा केस जळाल्यासारखा वास येऊन त्याची कुरकुरीत राख झाली नाही, अर्धा धागा वितळून मणी झाला. निम्मी लोकर, निम्मं प्लॅस्टिक. हात वळेल, पण गोठेल.

मी तुझा लॉट अंगठ्यावर नापास केला आणि अस्तरापर्यंत पोचलेच नाही. पोचले असते तर पुढची सात वर्षं तुझ्याकडे तक्रार करायला तोंड उरलं नसतं. चांगला माल चुकून परत केला, की वाईट माल चुकीच्या कारणासाठी का होईना बरोबर परत केला, हे आता मलाच सांगता येत नाही, आणि त्याचा मला भयंकर राग आला आहे.

सात वर्षं तू अन्याय झालेल्या माणसाचं तोंड करून फिरलास. माझी भावजय बाजारात मला बघून भाजीचा गाडा बदलायची. आता खरं काय ते लिही. चलनाच्या पाठीमागे चालणार नाही.

ताई


६ सप्टेंबर

धाकट्या,

चार पानं, शाईने, समास सोडून. भावजयीने शेजारी बसून लिहून घेतलेलं दिसतं. तिला सांग, दुसऱ्या पानावरचा चहाचा डाग मी माफ केला आहे.

तुझं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला कळलं की नाही ते तुला कळेल. अंगठा सरळ करायचा तर कापायचे साचे नवे लागणार होते, सगळ्या मापांचे. त्यांचे पैसे द्यायला विभागात कोणतंही कलम नव्हतं. भाव वाढवला असतास तर सर्वांत कमी भावाचा नियम तुला बाहेर काढणार. तेव्हा तू भाव तोच ठेवलास आणि साचे अस्तरातून वसूल केलेस. आणि लिहिलंस, “मी जवानाला अंगठा दिला आणि त्याच्याच उबेतून त्याची किंमत कापली. हे मी आजवर तुझ्या भावजयीलाही सांगितलं नव्हतं.”

बरं केलंस. आता तिघांचं कळलं. बाबा ऑर्डर जाईल म्हणून गप्प, मी खुर्ची हलेल म्हणून गप्प, तू साचे परवडत नाहीत म्हणून गप्प. आणि वर चौकीवर माणूस दातांनी उजवा हातमोजा काढतो आहे.

तुला एक गोष्ट मान्य करते, लिहायला जड जातं तरी. सगळे कारखानदार लुबाडतात आणि आपण त्यांना पकडायचं, याच हिशेबाने मी चौतीस वर्षं वागले. चांगली वस्तू करायला कोणाला खर्च येतो आणि तो कोणीतरी उघडपणे द्यायला हवा, हा विचार माझ्या टेबलावर कधी आलाच नाही. आला असता तर मी त्यावरही शिक्का मारला असता.

तू मात्र दुसरी एक गोष्ट मान्य कर. नवा नमुना फक्त तुझ्याच कपाटात राहिला पाहिजे, हा हट्ट चालायचा नाही. तू लिहितोस की नमुना दिला की पुढच्याच वर्षी मोठी कंपनी चार पैसे कमी भरून तुझ्या बत्तीस बाया घरी बसवेल. भीती खरी आहे. पण उद्या तुझ्या कारखान्याला आग लागली तर लष्कराने थंडीला थांबायला सांगायचं का? सैन्याला कोणतीही वस्तू एकाच दारातून घेऊन चालत नाही. तू त्यांच्या जागी असतास तर तूही घेतली नसतीस.

आता मी काय केलं ते ऐक. समितीला पत्र दिलं: हा माझा भाऊ आहे, मी मतदानाला बसणार नाही, आणि एकतीस वर्षांपूर्वीची चूक माझी आहे. तीन ओळी. टाइप करायला सकाळ गेली. समितीचे अध्यक्ष असलेल्या ब्रिगेडियरांचा फोन आला. मला वाटलं, पेन्शनवर काहीतरी बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, या हिवाळ्याआधी सरळ अंगठा मिळेल का?”

हवालदाराने त्याच्या जुन्या पलटणीला कळवलं. तिकडून कागदांची गड्डी आली आहे, एकशे चाळीस उजवे हात, पेन्सिलने काढलेले. काहींनी नखंसुद्धा काढली आहेत. एकाने खाली लिहिलं आहे, ‘मॅडम, हात असाच आहे, स्वच्छ धुऊन काढला आहे.’ त्या सगळ्यांवरून तू नवं माप काढ. आपल्या घरातला एकही हात त्यात घ्यायचा नाही.

सहा जोड शिवून पाठव. अस्तर शुद्ध लोकरीचं. मी उसवणार आहे हे लक्षात ठेव.

ताई


१८ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

सहापैकी एक जोड उसवला. दोरा राख झाला, मणी झाला नाही. आभार मानत नाही, ते तुझं कामच होतं.

उरलेले पाच जोड हवालदाराने आणि चार जवानांनी बटाट्याच्या शीतगृहात घालून पाहिले. दोन तास आत. शीतगृहाचा मालक दारात उभा राहून विचारत होता, हे लष्कर आमच्या बटाट्यांचं करतंय काय. प्रत्येकाने कडी लावली, बटण दाबलं, स्ट्रेचरचा पट्टा ओढला, चमच्याने खाल्लं. मी बाहेर बाकावर बसून वेळ लिहीत होते. या खेपेच्या फॉर्मला पाचवा रकाना होता: हात चालतो का. हवालदाराने तिथे ‘होय’ लिहिलं, उजव्या हाताने, हातमोजा न काढता. अक्षर वेडंवाकडं आहे. तो कागद मी कार्यालयाला दिला, प्रत स्वतःकडे ठेवली.

परवा समिती बसली. माझ्या विषयावरचं बोलणं झाल्यावर मी उठून व्हरांड्यात जायचं, असं ठरलं होतं. पण तोवरचं सांगते. वित्तवाले म्हणाले, साच्यांचे पैसे वेगळे द्यायला पायंडा नाही. मी म्हणाले, आहे, एकोणीस वर्षांपूर्वी बुटांच्या टाचेसाठी विभागाने विकासाची ऑर्डर दिली होती, फाइल तिसऱ्या रॅकवर खालून दुसरी, तिच्यावर सही तुमच्याच आधीच्या साहेबांची. निवृत्त माणसाला कशाकशाचा विसर पडतो, पण रॅक विसरता येत नाही. मोठ्या कंपनीचा तो गुळगुळीत गृहस्थ म्हणाला, एका भावासाठी नियम वाकवताय. मी म्हणाले, भावासाठी वाकवायचा असता तर सात वर्षांपूर्वीच वाकवला असता, आणि तुम्हाला आज यायची गरजच पडली नसती. तो बशीकडे बघत राहिला.

मग ब्रिगेडियरांनी जुना हातमोजा घातला आणि समोरच्या कागदावर सही करायला घेतली. पेन दोनदा पडलं. खोलीत कोणी हसलं नाही. त्यांनी नवा घातला आणि सही केली. म्हणाले, “माझ्या माणसांना एवढंच हवं आहे. कारखान्याला काय हवं ते आता तुम्ही लोक नीट मांडा.”

मी व्हरांड्यात गेले. दार बंद. पाऊण तास. आतून वित्तवाल्यांचा आवाज तेवढा येत होता. ते लोक बाहेर आले तेव्हा ठरलं होतं ते असं, आणि त्याला तुझी सही लागणार आहे.

पहिले बारा हजार जोड, याच हिवाळ्यासाठी, तुझ्याकडून, ठरलेल्या भावाने. साच्यांचे पैसे विभाग वेगळे आणि उघड देणार, म्हणजे ते कोणाच्या अस्तरातून काढायची गरज उरणार नाही. बारा हजार पोचले की नमुना विभागाचा. पुढच्या वर्षी टेंडर खुलं, मोठी कंपनीही भरेल, तूही भर. त्या टेंडरमधले वीस टक्के मात्र लहान कारखान्यांना राखीव ठेवायचे, हे ब्रिगेडियरांनी स्वतः लिहून घेतलं, एकाच दारावर अवलंबून राहायचं नाही म्हणून. तुझ्या बत्तीस बायांना हे पुरेल का, याची खात्री मला देता येत नाही. एवढं मात्र मला दिसतं की आपल्या कारखान्यातून कागदाप्रमाणे आणि हाताप्रमाणेही बरोबर असा माल पहिल्यांदाच निघेल. त्यानंतर भावात कोणी हरवलं तर हरवू दे, वस्तूत हरवणार नाहीत.

तपासणी तुझ्याकडे न सांगता होईल, दर लॉटमधून वीस नग, चाळीस नाही. ती कपाटाची किल्ली असलेली बाई येईल. मी येणार नाही. तिला मी शिकवलं आहे, तेव्हा त्यात आनंद मानू नकोस. धागा जाळून बघायची सवय तिला माझीच लागली आहे.

आता शेवटचं. नवा नमुना सील करण्याआधी जुना रद्द करावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही भाग एका टेबलावर लागतात. उजवा बाई घेऊन येईल. डावा तुझ्याकडे आहे. कुरिअरने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. मला तो जोड एकदा एकत्र बघायचा आहे, रद्दचा शिक्का पडायच्या आधी. बाबांचे दोन्ही हात एकतीस वर्षांनी शेजारी शेजारी ठेवले जातील, तेव्हा तिथे कारखान्याचा नोकर येऊन उभा राहिलेला मला चालणार नाही. भावजयीलाही आण. बाजारात गाडे बदलून ती दमली असेल.

समितीला तुझी संमती बुधवारी, २४ तारखेला हवी आहे. तेव्हा मला तीन प्रश्नांची लेखी उत्तरं दे. नमुना विभागाला द्यायला तयार आहेस का? अस्तराची हमी स्वतःच्या सहीने देतोस का? आणि डावा घेऊन येतोस का?

उत्तर सोमवारी, २२ सप्टेंबरला, दुपारी चारच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. कोऱ्या कागदावर, शाईने, तारीख घालून. पाकिटावर हवं ते लिही, या खेपेला ते उघडलं जाईल.

तुझी
ताई